हिरवा चुडा घालून कोर्टात

आमच्या गावात धोंडुबाईला हळू बोलताना कुणी ऐकलं न्हाई. कराडच्या मंडईत ती मेथी घेऊन बसली की पलीकडच्या गल्लीतल्या गिऱ्हाइकाला पन भाव कळतो. मी ताहेरा, घरोघरी फिरून बांगड्या भरते. बायकांचा हात हातात घेतला की त्या मनातलं बोलाय लागत्यात. पन धोंडुआक्काच्या मनात असं काय नसतंच, समदं बाहेर. तिच्याबद्दल सांगायचं तर तिनं सुनेचं लग्न कसं लावलं तेच सांगाय पायजे.

तिचा ल्योक कृष्णात तीन वर्सांमागं गेला. हायवेवरच्या ढाब्यावर दोघांची जुंपली, हा सोडवाय मधी पडला आन सुरा ह्यालाच बसला. मारणारा जेलात हाय. आक्काचा मालक तर कवाच गेलेला, घरात ऱ्हायली आक्का, सून राजनंदिनी, म्हंजी आमची राजी, आन बारकी नात क्रांती. वर्सभर आक्काचा आवाज बंद व्हता. मंडईत बसायची, पन गिऱ्हाइकानं दोनदा इचारल्याबिगार तोंड उघडायची न्हाई. मग एक दिस क्रांतीला ताप आला, डॉक्टरनं नीट बगितलं न्हाई, तवा हिनं दवाखान्यात अशी काय तोफ डागली की आमी म्हणलं, चला, आक्का परत आली.

कुणा वकिलानं सांगितलं, खून झालेल्याच्या घरच्यांना सरकार नुकसानभरपाई देतं, साताऱ्याच्या कोर्टात अर्ज करा. केला. ते चालू असतानाच आक्कानं राजीसाठी पोरगं बगितलं. जयराज, माधवनगरचा, फौजेत हाय. पोरीसकट करून घ्यायला तयार झाला. राजी म्हणाली, "आत्ती, तुमी एकट्या पडशीला." आक्का म्हणाली, "मी एकटी कवा हुती गं? मंडईत शंभर माणसं माझ्याशी भांडत्यात."

आता आमच्याकडं बाईचं दुसरं लग्न म्हंजी दिवस मावळल्यावर, गुपचूप. हळद न्हाई, चुडा न्हाई, वाजंत्री न्हाई. आक्काचा दीर नाथाजी, त्यो तसंच लावून टाका म्हणत व्हता. आक्का म्हणाली, "चोरून आणलेली म्हस हाय व्हय, अंधारात दावणीला बांधाय? भर दुपारी लावनार. बँड सांगनार. ताहेरा, तू कोपरापातूर चुडा भर." मला असला आनंद झाला म्हणून सांगू. राजी हिच्या घरात आली तवा पयला चुडा मीच भरला व्हता, आन कृष्णात गेल्यावर तिचं ते रिकामं मनगट बगून मी त्या दारावरनं जायचंच सोडलं व्हतं.

मांडव पडला, पत्रिका वाटल्या, आन साताऱ्यास्नं फोन आला. भरपाईच्या अर्जाची चौकशी हाय, दोघींनी यायचं. तारीख बगितली तर लग्नाचीच. लग्न म्होरं ढकलावं तर जयराजची सुट्टी संपत व्हती, लग्नाच्या दुसऱ्या दिशीच्या गाडीनं त्येला सीमेवर जायाचं. आन तारीख सोडली तर परत कवा बोलावतील काय नेम न्हाई. आक्का म्हणाली, "सकाळी कोर्ट, दुपारी लग्न. जीप सांगा."

आदल्या दिशी राजीला हळद लागली, चुडा भरून झाला, तवा तितंच ऱ्हायलेला माझा बांगड्यांचा पेटारा न्यायला मी त्या सकाळी गेले, तर नाथाजी मला गाठून म्हणाला, "भाबी, साबण लावून राजीच्या बांगड्या उतरवा. हळद धुवा. सायबाला नवरी दिसली तर त्यो इधवेची भरपाई कशापाय देईल? आल्यावर परत भरा."

माझं डोस्कंच फिरलं. मी म्हणलं, "नाथाभाऊ, मी भरलेला चुडा मी उतरवत न्हाई. माझ्या सासूनं कवा उतरवला न्हाई, मी पन न्हाई. तुमाला पायजे तर दुसरी बांगडीवाली बगा." त्येचं तोंड एवढंसं झालं. म्हणाला, "मला काय हौस हाय व्हय? पोरीच्या नावावर काय तरी पडंल, बापाच्या मागं तेवढंच." मला वाईट वाटलं, माणूस तसा वाईट न्हाई. पन बांगड्या मी उतरवल्या न्हाईत. शेवटी त्येनं राजीला भरउन्हाळ्यात जाडी शाल गुंडाळली आन बजावलं, हात बाहेर काढायचा न्हाई, लग्नाचं तोंडातनं काढायचं न्हाई. राजीनं माझा पदर धरला, मग मी पन जीपमदी बसले.

साताऱ्याला आमचा नंबर लवकर लागला. टेबलापलीकडं एक तरणी मॅडम. इचारलं ते राजीनं नीट सांगितलं, कृष्णात काय कमवायचा, घर कशावर चालायचं. घाम नुसता गळत व्हता पोरीचा. मॅडम म्हणाल्या, "शाल काढा की, किती उकडतंय." राजी मान हलवून न्हाई म्हणाली. मग मॅडमनी कागद म्होरं सरकवला, "इथं सही करा."

सहीला हात बाहेर काढावाच लागतोय. कोपरापातूर हिरवागार चुडा, पिवळाधम्मक हात, आन खोलीभर किणकिणाट. नाथाजीनं डोळं मिटून घेतलं.

मॅडम म्हणाल्या, "घरी काही कार्य आहे का?"

राजीच्या हातात पेन तसंच. आक्का उठून उभी ऱ्हायली. मंडईतल्या आवाजात म्हणाली, "आज हिचं लग्न हाय. मी लावून देत्ये. समदे म्हणत्यात लपीव, न्हाईतर पैसं जातील. मॅडम, पैसं मिळायला कुणीतरी जन्मभर रडत बसाय पायजे असं असंल, तर ते माझ्या नावावर लिव्हा. मी रडायला हाय. हिला मोकळी सोडा. ही माझी लेक हाय, तिचं वय हाय का रडायचं?"

दारातला शिपाईसुदिक आत येऊन उभा ऱ्हायला. माझ्या डोळ्याला धार लागली, खोटं कशाला बोलू.

मॅडमनी अर्जाची पानं सारखी केली. मग म्हणाल्या, "आजी, कृष्णात गेले तेव्हा त्यांच्या कमाईवर कोण जगत होतं, एवढंच आम्ही बघतो. सुनेनं पुन्हा लग्न केलं म्हणून अर्ज बाद होत नाही. लपवायचं कशाला होतं?" आन राजीकडं बगून हसल्या, "सही करा आणि पळा, नवरदेव वाट बघत असेल." आक्का नाथाजीकडं बगत ऱ्हायली, त्यो छताकडं. शाल त्यो तितंच इसरला.

पैशाचं म्हणाल तर ते सवडीनं आलं, क्रांतीचा हिस्सा तिच्या नावावर बँकेत पडला. पन त्या दिवशी कुणाला पैशाचं सुचतंय? येताना जीपमदी आमी तिघी गाणी म्हणत आलो. नाथाजी पुढं बसून आदी "गप बसा" म्हणत व्हता, मग तोच ताल धराय लागला. उंब्रजच्या पुढं रस्त्याचं काम, गाडी मुंगीगत चाललेली. गावात पोचलो तर मुहूर्त टळून गेलेला, बँडवाली जेवून आडवी झालेली, जयराज मांडवाच्या तोंडाला उन्हात उभा, आन क्रांती त्येच्या खांद्यावर बसून त्येचा फेटा सोडत व्हती.

राजीला पाटावर बशीवलं. भटजी म्हणाले, कन्यादानाला जोडपं पुढं या. ठरल्यापरमानं नाथाजी आन त्येची बायको बसायची व्हती, इधवेला त्यो मान न्हाई. नाथाजी उठला, उपरणं सारखं केलं आन भटजींना म्हणाला, "पोरगी हिची हाय. कोर्टात लिव्हून आलोय आमी." आन आक्काच्या दंडाला धरून तिला म्होरं बशीवलं. भटजी काय बोलणार व्हते, पन नाथाजीचं तोंड बगून त्येंनी पाण्याचा तांब्या म्होरं सरकवला.

आक्कानं राजीचा हात हातात घेतला, आन त्यो मंडईतला आवाज पार खाली आला. जयराजला म्हणाली, "फौजी, दर सणाला हिला माहेरी आणून सोडायचं. मी लेक म्हणून सांगून आल्ये, मला खोटी पाडू नगंस."

जयराज म्हणाला, "न्हाई पाडत, आई."

तवा कुठं मांडवातली माणसं अक्षता टाकाय लागली.