खालाच्या हातांचा वास

माझी खाला, म्हणजे मावशी, बाजारात मासे साफ करते. तिच्या हातांना आतड्यांचा असा वास येतो की शी! घरी आली की ती गुलाबाच्या साबणाने हात घासते. मग गुलाब आणि मासा दोन्ही मिळून ओकारी आणतात.

खाला आणि मी मक्केला उमरा यात्रेला जाणार होतो. त्याच्या तयारीच्या वर्गात शिकवणाऱ्या बाई नाकातून म्हणाल्या, “बायकांनी रोजचेच सैल कपडे घालावेत, नकाब बांधू नये. आणि एहरामात, म्हणजे यात्रेच्या पवित्र अवस्थेत, सुगंध अजिबात नको, साबणसुद्धा बिनवासाचा!”

खालाचं तोंड उतरलं. “मग माझ्या शेजारी नमाजाला उभं कोण राहील?”

पुढे बसलेल्या दोघींनी लगेच ओढणी नाकाला लावली. माशांपेक्षा त्यांचीच किळस आली मला. घरी मी त्यांची हुबेहूब नक्कल केली, तरी खाला हसली नाही.

अम्मी तिला म्हणाली, “रडतेस काय? नळाखाली स्टीलच्या चमच्यावर हात घास, वास जातो.”

खालाने घासघासून हात माझ्या नाकापुढे धरले. “हुंग. घरात सगळ्यात नखरेल नाक तुझंच.”

मी श्वास रोखून ठेवला, मग भीतभीत हुंगलं. नुसतं पाणी!

“खाला, मी राहीन की तुझ्या शेजारी उभी.”

तिने चमचा पुसून प्रवासाच्या बॅगेत टाकला.