इल्डाने पाठवलेलं पिंप

इल्डा फुर्तादो माझ्या शेजारच्या टेबलावर नऊ वर्षं बसली. अमेरिकेतल्या केंब्रिजच्या आमच्या छोट्या औषध कंपनीत डॉक्टरेटवाले पैशाला पासरी होते. इल्डा बारावी पास. पण ज्या पेशी आमचं औषध तयार करायच्या, त्या जगायच्या फक्त तिच्या हाताखाली. दर दुसऱ्या दिवशी त्यांना खाऊ घालावं लागे. थँक्सगिव्हिंगच्या सणालाही ती टर्की ओव्हनमध्ये ठेवून यायची. माझ्या पेशी एकदा मेल्या, तेव्हा म्हणाली, "तुझ्याकडे कॅक्टससुद्धा जगायचा नाही रे!"

तिचा भाऊ गिल. त्याचे स्नायू वर्षागणिक झिजत होते, आणि आमचं औषध त्याच आजारावरचं. रुग्णांवरच्या चाचणीच्या यादीत त्याचं नाव होतं.

मार्चमध्ये न्यू जर्सीच्या एका बड्या कंपनीने आमच्या औषधाचे सगळे हक्क घेतले. आमच्याकडे अशी बातमी शेअर बाजार उघडण्याआधी, सकाळी सातला जाहीर होते. कर्मचाऱ्यांनाही तेव्हाच कळते. औषधाला अजून नाव नव्हतं, नुसता नंबर; दुपारी तो लिहिलेला केक कापला. इल्डा रडली, मीही रडलो. चाचणीसाठी लागणारा पैसा आता ते घालणार होते.

करारानुसार पेशींच्या कुप्या त्यांच्याकडे जायच्या, आणि पोच मिळाली की आमच्याकडे उरलेल्या नष्ट करायच्या. पेशी कशा जगवायच्या ते शिकून घ्यायला त्यांची दोन माणसं आली. दोन दिवस मान डोलावली आणि गेली.

"एक प्रश्न विचारला नाही रे," इल्डा म्हणाली. "मासा रांधायला शिकायला आलेला माणूस मीठ किती ते तरी विचारतो!"

"हुशार असतील," मी म्हणालो. माझी अक्कल तेवढीच.

तिने कुप्या द्रव नायट्रोजनच्या पिंपात भरून पाठवल्या. ते पिंप दहा दिवस थंड राहतं. तेवढ्या दिवसांत कुप्या काढून फ्रीझरमध्ये ठेवायच्या. तिसऱ्या दिवशी पोच आली. इल्डाने उरलेल्या कुप्या वाफेच्या भट्टीत घातल्या आणि कागदावर सही केली.

पिंपातलं तापमान दर तासाला तिच्या कॉम्प्युटरवर यायचं. अकराव्या दिवशी तिने मला हाक मारली. रेघ वर चढत होती. उणे एकशे साठ. उणे एकशे चाळीस. आधी मला वाटलं, यंत्र बिघडलं.

तिने न्यू जर्सीला फोन लावला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "पिंप मिळालंय. आमच्याकडून हस्तांतर पूर्ण झालं."

"अहो, उघडा ना ते! पेशी मरताहेत!"

"तशी सूचना नाही."

आम्ही दोघं आमच्या कंपनीचा प्रमुख पीटर हॉलिस याच्या खोलीत घुसलो. तो आमच्याकडे बघेना.

"त्यांचं त्याच आजारावरचं औषध बाजारात आहे," तो म्हणाला. "आपलं आलं असतं तर त्यांचं बसलं असतं."

"मग घेतलं कशाला?" इल्डाने विचारलं, आणि विचारतानाच तिला उत्तर कळलं.

"करारात 'औषध बाजारात आणायचे योग्य ते प्रयत्न करू' एवढंच आहे," पीटर म्हणाला. " योग्य म्हणजे किती, ते लिहून घ्यायचं राहिलं. सही लवकर हवी होती."

जगातल्या सगळ्यात शिकलेल्या गावात काम करणारी माणसं आम्ही, आणि एवढं साधं वाक्य लिहून घेतलं नाही! संध्याकाळी रेघ वीसवर जाऊन थांबली. न्यू जर्सीच्या कुठल्यातरी खोलीचं ते तापमान.

इल्डाने माझ्यासमोरच गिलला फोन केला. स्पीकर चालू होता. तिने काही लपवलं नाही. उरलेल्या कुप्या आपणच मारल्या, हेही सांगितलं.

गिल म्हणाला, "अगं, मग पुन्हा बनव की. तुला येतं ना?"

"येतं रे," इल्डा म्हणाली. "पण बनवायचा हक्क त्यांना विकलाय."