भुऱ्याचे सहा तास

तीन वर्षं हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं — बायकोलाही नाही. परवा एका माणसाला सांगितलं. आज तुम्हाला सांगतो.

किल्लारीत माझं धान्य खरेदीचं दुकान आहे. हमालीपासून वर आलो. समोरच्यानं काहीही सांगू दे, पहिला आकडा मी मान्य करत नाही. आणि कुणी 'थांबा' म्हटलं की डोकं फिरतं — फार दारांत थांबलोय मी. पण हे कारण म्हणून सांगत नाही.

आमचा कुत्रा भुऱ्या खाईना झाला. डोळे पिवळे पडले. लातूरला एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नीट समजावलं — पोट फाडायचं नाही, सोनोग्राफीत बघत सुईनं लिव्हरचा शेवईएवढा तुकडा काढायचा आणि तपासायला पाठवायचा. थोड्या वेळात झालं. भूल उतरली तसा भुऱ्या शेपूट हलवायला लागला. मग त्या म्हणाल्या, "काका, आता सहा तास हा इथंच राहील. आत रक्त येऊ शकतं. उडी तर मारूच द्यायची नाही."

सहा तास! मी लगेच दोनवर आलो. त्या हलेनात. तीन म्हटलं. नाहीच. मग — मग काय केलं मी?

"मॅडम, घर हितंच हाय, मागच्या गल्लीत. उचलून नेतो. काही वाटलं तर दोन मिनटांत आणतो की."

त्यांनी विश्वास ठेवला. तासाभरात भुऱ्या माझ्या जीपमध्ये होता, किल्लारीच्या रस्त्यावर. सौदा जिंकल्यासारखा मी शीळ घालत होतो. दुकान दिसलं आणि त्यानं जीपमधून उडी मारली. संध्याकाळी त्याच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या — आत रक्त जात होतं. परत लातूरला निघालो — औसा यायच्या आत तो गेला.

आणि मी? तसाच पुढं लातूरला जाऊन दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून ओरडलो, सुईनं मारलं माझं कुत्रं! दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तेच ऐकवलं. आमच्याकडचे लोक जनावरं घेऊन नांदेड गाठू लागले. त्या बाई एक शब्द बोलल्या नाहीत — आणि त्याचाही मला राग! चूक नसती तर बोलल्या नसत्या का?

परवा त्यांच्याकडे गेलो. उभ्यानंच सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला त्याच दिवशी कळलं होतं, काका. कागदावर पत्ता तुम्हीच लिहिलाय. किल्लारी. सोडण्याआधी मीच वाचला नाही."

म्हणजे ही तीन वर्षं त्या स्वतःला दोष देत होत्या. मी म्हणालो, "नाही मॅडम. ते माझं हाय."

काल दुकानात, भर गर्दीत सांगून टाकलं — सुई बरोबर होती, मी खोटं बोललो. कुणीतरी म्हणालं, "आप्पा, आज पयल्याच बोलीवर आलाव की!" सगळे हसले. मीही हसलो. छातीवरचं पोतं उतरलं, खरंच.

घासाघीस करून पाच तास मिळवले होते मी. ते भुऱ्याचे होते.