शम्मूसाची धाप

त्या ईदच्या आठवड्यात नजाहच्या दुकानात जो कोणी पँट आखूड करायला किंवा फ्रॉक सैल करायला आला, तो शम्मूसाबद्दल बोलूनच गेला.

शम्मूसा म्हणजे दीपगृहात आजोबांबरोबर राहणारी, वाट चुकलेल्या जहाजांना हाका मारणारी कार्टूनमधली मुलगी. मूळची कुठल्या लांबच्या देशातली, पण अरबी बोलायला शिकली ती इथे अम्मानमध्ये, चाळीसेक वर्षांपूर्वी, एका तळघरातल्या स्टुडिओत. तेव्हापासून सगळ्या अरबांच्या घरांत तिचे भाग पुन्हापुन्हा लागत राहिले. त्यावर वाढलेली पोरं आता आईबाप झाली होती, आणि खरी माणसं घेऊन केलेला शम्मूसाचा सिनेमा बघायला आपापली पोरं घेऊन धावत होती.

"दीपगृह अगदीच प्लॅस्टिकचं वाटतं," एक बाई आरशासमोर बाही खेचत म्हणाली. "आणि आजोबा किती गोड केलाय. आपला कार्टूनमधला आजोबा कसा खडूस होता."

"माझी पोरं हसली ना, बस," दुसरी म्हणाली. "मला काय, मी रडायलाच गेले होते."

"मुलगीही थोराड आहे. पण आवाज मात्र तोच, नजाहमावशी. डोळे मिटले की मी परत सात वर्षांची."

नजाह खाली बसून घेर टाचत होती. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे बोलावं लागलं नाही. तो आवाज तिच्या धाकट्या बहिणीचा, लमीसचा होता, आणि लमीस सोळाव्या वर्षी गेली होती.

तोच आवाज कसा, ते तिला वरच्या मजल्यावरच्या रुलाने सांगितलं. रुला दवाखान्यात नर्स होती. संध्याकाळी पोरीला घेऊन दुकानात चहाला बसायची. "जुन्या टेपा कंप्युटरला ऐकवल्या म्हणे, आणि त्याने तो आवाज शिकून घेतला. आता हवं ते बोलतो. जे ती कधी बोललीच नव्हती, तेही."

नजाहला थोडंफार ठाऊक होतं. हिवाळ्यात स्टुडिओवाल्या अबू सनदचा मुलगा मिठाईचा डबा घेऊन आला होता. म्हातारा अबू सनद आता नव्हता. सगळा कारभार मुलगाच बघायचा. "बहिणीच्या आवाजाला तुमची परवानगी हवी, मावशी," तो म्हणाला होता.

"आवाज काय माझ्या पेटीत ठेवलाय, मला विचारायला?" ती म्हणाली होती. त्याने तोच होकार धरला. आपण नक्की काय दिलं, हे तिला तेव्हा उमगलं नव्हतं.

लमीसचं हृदय लहानपणच्या तापाने अधू झालं होतं. स्टुडिओच्या जिन्यावर नजाह तिच्या पाठीला हात लावून चालायची. आत गेल्यावर लमीस माइकसमोर उभी राहायची आणि शम्मूसा होऊन ती पुस्तकी, छापील अरबी अशी बोलायची, की अबू सनद काचेपलीकडे मान डोलवायचा. फक्त लांब वाक्य आलं की मध्येच तिला दम लागायचा. वाक्य तुटायचं, एक बारीकशी धाप ऐकू यायची, आणि पुढचा शब्द घाईघाईने यायचा. अबू सनद म्हणाला, राहू दे, गोड वाटतं. पुढे हीच धाप शम्मूसाची ओळख झाली. शाळेच्या मैदानांवर पोरी तशी धाप टाकून बोलायच्या, आणि नजाह तिथून चालताना रस्ता बदलायची.

लमीस गेली तेव्हा शेवटचे थोडे भाग राहिले होते. तिचा चाळिसावा दिवस झाल्यावर अबू सनद आला, दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी न पिता हातात धरून बसला, आणि शेवटी म्हणाला, "नजाहचा गळा तसाच आहे." बाप उठून आत गेला. आई म्हणाली, "जाऊ दे तिला. माझी पोर अर्धवट नको राहायला."

नजाह गेली. बहिणीच्या जागी उभी राहिली आणि बहिणीसारखी धाप टाकली. तिची स्वतःची छाती ठणठणीत होती. धाप खरी वाटावी म्हणून ती आधी जिना दोनदा चढून उतरायची. शेवटच्या दिवशी ती घरी आली आणि गुळणी करून झोपली. पुन्हा माइकसमोर गेली नाही, घरात टीव्हीही तिने पुढे कधी ठेवला नाही.

आई मात्र जिवंत असेतो शेजारणीकडे जाऊन तो कार्यक्रम बघत राहिली. बघता बघता पडद्याला उत्तरं द्यायची. आणि ते शेवटचे भाग लागले की म्हणायची, "आज लमीसला सर्दी झालेली दिसते." नजाहने कधी दुरुस्त केलं नाही.

सिनेमाला जायचं नाही असं ठरवूनही शुक्रवारी दुपारी ती रुला आणि तिची पोर मिस्क यांच्याबरोबर गेली. हॉल पोरांनी भरला होता. पॉपकॉर्न सांडत होतं, कोणाचं तरी बाळ रडत होतं. मग पडद्यावर समुद्र आला, आणि अंधारातून लमीस म्हणाली, "आजोबा, वारा फिरला."

नजाहने खुर्चीचे हात पकडले. पहिली काही वाक्यं ती फक्त तो आवाज पीत होती. मग तिला कळू लागलं की हे लमीस कधी बोललेली नाही. फोनबद्दल बोलत होती, विमानाबद्दल बोलत होती. एका ठिकाणी 'मी मोठी झाल्यावर' असं म्हणाली, आणि नजाहच्या मानेवर काटा आला. आणि काही शब्दांच्या शेवटी आवाज किंचित जाड होत होता. तो जाडपणा ती ओळखत होती. तो तिच्या स्वतःच्या घशातला होता. कंप्युटरला कोणी सांगितलंच नव्हतं की त्या टेपांत दोन मुली आहेत. त्याने दोघींची मिळून एक केली होती.

पण सगळ्यात वाईट होती ती धाप. पडद्यावरची मुलगी गुटगुटीत, गुलाबी गालांची. ती शांत बसून पाव खात होती, आणि बोलताना मध्येच तिला धाप लागत होती. अंथरुणात पडून बोलली तरी धाप. लमीसची घ्यावी, आणि नजाहने जिना चढून आणलेलीही घ्यावी, असं करत कंप्युटरने मोजून प्रत्येक लांब वाक्यात ती पेरली होती.

बाहेर लॉबीत लोक घोळक्याने उभे राहून मतं देत होते.

"कथा नाही, काही नाही. आपल्या आठवणी विकायला काढल्यात," एक दाढीवाला माणूस म्हणाला.

"तू तीनदा डोळे पुसलेस," त्याची बायको म्हणाली.

"ते आवाजामुळे. तेवढंच एक खरं आहे यात."

"मला नाही आवडला आवाज," दुसरी एक तरुण बाई म्हणाली. "सगळं बरोबर आहे, पण बोलणारं कोणी नाहीये असं वाटत होतं. पाठीमागे कोणी उभं आहे वाटावं, आणि वळून बघावं तर कोणी नसावं, तसं."

मिस्क आईचा हात ओढत होती. "मम्मी, त्या मुलीला दम लागत होता. तिला कोणी डॉक्टरकडे का नेत नाही?"

"अगं, तिची तशी बोलायची पद्धतच आहे. आम्हीपण लहानपणी तसंच बोलायचो."

"नाही," नजाह म्हणाली. ती मिस्कसमोर वाकली. "तू बरोबर ऐकलंस. तिला बरं नव्हतं. डॉक्टरकडे नेलं होतं, पण इलाज नव्हता."

रुलाने तिच्याकडे पाहिलं. घरी परतताना टॅक्सीत नजाहने सगळं सांगितलं, बहिणीचं आणि आपलंही.  रुला म्हणाली, "मी नर्स आहे, मावशी. माझ्यासमोर रोज अशी माणसं येतात. आणि मी तीस वर्षं ती धाप ऐकून खूश होत आले."

"तुला काय माहीत असणार?"

"लोकांना सांगूया. मी लिहिते कुठेतरी."

"नको. त्यांना सात वर्षांचं होऊ दे."

सिनेमा उतरला. अर्ध्या लोकांनी नावं ठेवली, अर्धे दोनदा बघून आले, आणि दुकानात बोलणं पुन्हा लग्नांच्या कपड्यांवर आलं. मग अबू सनदच्या मुलाचा फोन आला. नवी मालिका निघणार होती, त्याच आवाजात.

"एकच कर," नजाह म्हणाली. "धाप काढून टाक."

"मावशी, लोकांना तीच तर आवडते."

"ती पद्धत नव्हती, बाळा. आजार होता."

 "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "विचारून बघतो." नंतर फोन आला नाही, आणि मालिका आली तेव्हा धाप होती.

आता शुक्रवारी नजाह रुलाकडे जाते. रुलाने जुने भाग मिळवलेत. मिस्कला नव्यापेक्षा तेच आवडतात. नजाह सोफ्याच्या कडेला बसते. चाळीस वर्षं टाळलेला आवाज खोलीत फिरत राहतो, आणि ती थंडीत बाहीत हात घालून बसावं तशी आखडून ऐकते.

परवा शेवटचे भाग लागले. "तुमचा आवाज कुठून सुरू होतो?" रुलाने हळूच विचारलं.

"विहिरीच्या भागापासून. लमीस तिथवर आली होती."

विहिरीचा भाग सुरू झाला. शम्मूसा काठावर वाकली, खाली हाक मारली, वाक्य तुटलं, धाप आली. नजाह पुढे सरकून ऐकत राहिली.

"ही तुम्ही का?" रुला म्हणाली.

नजाहने तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. तिला तळघरातला जिना आठवत होता, माइक आठवत होता, आपण तोंड उघडलं तेही आठवत होतं.

"मला वाटलं होतं, यातली मी कोणती ते मला ओळखता येईल," ती म्हणाली.

"मला येतं ओळखता," मिस्क म्हणाली, पण कोणती ते तिला सांगता आलं नाही.