कंबर नेमकी कुठं

आमच्याकडं माणूस सुटला की लोक कौतुक करतात. "तब्येत झाली की ओ तुमची," म्हणतात, अन् ऐकणारा खूष होतो. अशा मुलखात लठ्ठपणावर संशोधन करायचं, तेही तिघांनी मिळून, हे खूळ माझ्याच डोक्यात यायचं होतं. मी बीदरच्या एका कॉलेजात आहारशास्त्र शिकवते. दुसऱ्या कुणी असलं काही सांगितलं असतं तर मीच त्याला हसले असते.

खूळ आलं ते अक्कामुळं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, संतपूरला दिलेली. वजन वाढलेलं, साखर वाढलेली, गुडघे कुरकुरणारे. एका डॉक्टरनं सांगितलं, भात सोडा. दुसरा म्हणाला भात खावा, तेल सोडा. तिसरा म्हणाला काही सोडू नका, नुसतं चाला. अक्का मला म्हणाली, "तू तर ह्येच शिकवतीस न्हवं? तुमी सगळे एका जागी बसून ठरवा की एकदा. आमी तसं खाताव." ती सहज बोलली, पण मला ते फार लागलं.

मग मी माणसं जमवली. निंबर्ग्याचे एक डॉक्टर, सीमेपलीकडच्या उदगीरच्या कॉलेजातल्या एक बाई आणि मी. आपापल्या भागातल्या बायकांचं वजन, कंबर, रोजचं खाणं एकाच पद्धतीनं टिपायचं, एकत्र करायचं, आणि ज्वारी-तुरीवर जगणाऱ्या माणसानं काय खावं ते तिघांनी एका तोंडानं सांगायचं. पहिली बैठक माझ्या घरी झाली. लठ्ठपणावर बोलता बोलता आम्ही परातभर भजी संपवली. इतकी वर्षं वर्गात एकटीच बडबडत होते, आता आपल्याला आपली माणसं मिळाली असं वाटलं. मी खरंच फार आनंदात होते.

संतपूरच्या बायका अक्कानं गोळा केल्या. त्या पदर आवळून लाजत उभ्या, तर हीच पुढं झाली. "पयलं माजी मोजा, बगू किती भरतीय," म्हणाली, तशा बाकीच्या हसत रांगेला लागल्या. आता बीदरहून एकच काय ते सांगणारेत, असं ती गावभर सांगत सुटली.

हिवाळ्यात आम्ही तिघांचे आकडे एकत्र मांडले आणि सगळं बोंबललं. वजनं सारखीच, पण निंबर्ग्याच्या बायका कमरेनं बारीक आणि उदगीरच्या ढोलासारख्या. विचारता विचारता उलगडलं. डॉक्टरांच्या नर्सनं परकराची नाडी बांधतात तिथं मोजलं होतं. मी बेंबीपाशी. उदगीरच्या बाईंनी साडीवरूनच, निऱ्यांसकट. तिघांनीही कंबरच मोजली होती. कंबर कुठं असते हे काय एकमेकांना विचारायचं?

मी म्हटलं, परत मोजू. डॉक्टर म्हणाले, "म्याडम, माझं बराबर हाय. नाडी बांधतेत त्यालाच बाया कंबर म्हनतेत." उदगीरच्या बाई म्हणाल्या, "साडी सैल करा म्हणून सांगायचं कुणी? मला त्याच गावात राहायचंय." माझी जीभ आधीच तिखट. म्हटलं, "मग पोत्याला टेप गुंडाळली असती तरी चाललं असतं." त्या चहा न घेता गेल्या.

पुढच्या बैठकीला कुणीच आलं नाही. डॉक्टरांनी आपलं वेगळं छापलं, बाईंनी आपलं वेगळं. मग मीही माझं वेगळं लिहून काढलं. तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. अक्का फोनवर विचारायची, "ठरलं का गं?" मी म्हणायची, ठरायलंय. मग तिनं विचारणं सोडलं.

यंदा संतपूरला गेले तर सकाळी अक्का घरात नाही. बसस्टँडमागं वजन घटवायची पावडर विकणारीनं एक खोली घेतलीय, तिथं सापडली. रांगेतल्या त्याच बायका हातात गुलाबी दुधाचे पेले घेऊन बसलेल्या. कुणाचं वजन उतरलं की सगळ्या टाळ्या वाजवतात. एखादी आली नाही तर बाकीच्या फोन करतात. आम्हाला जे जमलं नाही ते सगळं तिथं होतं, आणि मला रडू यायला लागलं.

अक्कानं सतरंजीवर जागा केली. मी बसले. हळूच विचारलं, "साखरेच्या गोळ्या घेतीस न्हवं?"

"सोडल्या. लागत न्हाईत म्हनतेत."

"कोण म्हनतंय?"

"हितं सगळ्याच म्हनतेत."

"अक्का, पाया पडते, गोळ्या सोडू नको. मी सांगतीय तुला."

तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. रागावली नव्हती. "तू एकलीच सांगायलीस बाई," म्हणाली आणि उरलेलं दूध पिऊन टाकलं.