फिल्टरमधली धूळ

मेकॅनिक शंकरमामांनी माझ्या जीपचा एअर फिल्टर काढून फरशीवर आपटला. कोकणातली तांबडी धूळ पडली, मग देशावरची काळी.

मी सिंथेटिक ऑइलसोबत जास्त हवा खेचणारा महागडा फिल्टर आणला होता. मामांनी तो उजेडाकडे धरला.

"हवा जास्त जाईल," ते म्हणाले, "धूळपण आत जाईल."

मी साधा कागदी फिल्टर बसवायला सांगितला.

इतक्या वाटा तुडवूनही इंजिनाला धूळ ठाऊक नाही. ती सगळी फिल्टर गिळतो. आमच्या घरी हे काम थोरल्या काकूंकडे होतं. बाहेरचं बोचरं बोलणं त्यांच्यापाशीच थांबायचं, आणि आम्ही म्हणायचो, काकू फार चिडक्या.

मामांनी जुना फिल्टर भंगारात टाकला. नव्या तेलावर इंजिन अगदी गोड आवाजात सुरू झालं.