हत्ती पेलणारी भिंत

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी येणाऱ्याला चहाच्या आधी भिंत मिळायची. दत्तूकाका त्याला हाताला धरून सोप्यातल्या भिंतीसमोर उभं करायचे. "ठोका बघू मुठीनं. घाबरताय कशाला पावणं? वर हत्ती हुबा केला तरी पेलती की ही!" पावणं बिचारं गॅसचं सिलिंडर द्यायला आलेलं असायचं.

दत्तूकाका माझे सख्खे चुलते. शिरोलीच्या एका फौंड्रीत त्यांनी आयुष्यभर लोखंड ओतलं आणि प्रेम केलं विटेवर. लग्न केलं नाही. माझ्या आईचं म्हणणं, एवढी जाड सासू कुठल्याच पोरीला झेपली नसती.

घर तसं साधंच. रस्त्याला लागून सोपा, मागं दोन खोल्या, वर मंगलोरी कौलं. गिलावा नाही, लाल भाजक्या विटा आणि मधल्या चुन्याच्या रेघा उघड्याच. भिंत एवढी रुंद, की खिडकीत मांडी घालून मी अभ्यास केला. पुढं जे मार्क पडले त्यात भिंतीचा काही दोष नव्हता. घर पणजोबांनी बांधलं एवढंच खात्रीचं. बाकी इतिहास काका माणूस बघून सांगायचे. समोर शाळामास्तर असला तर घराचं वय जरा बेतानं, सोयरीक घेऊन कुणी आलं तर दुप्पट. चुन्याची कृती तर वर्षागणिक सुधारत गेली. माझ्या लहानपणी त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी होतं. मी कॉलेजात जाईपर्यंत उडीद आला, माझ्या लग्नापर्यंत डिंक आणि मेथी. पणजोबांनी भिंत बांधली की बाळंतिणीचे लाडू वळले, हे ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत कळायचं नाही.

माझी मुलगी कॉलेजला जायला लागली आणि तिला स्वतंत्र खोली हवी झाली. कौलं उतरवायची, स्लॅब टाकायचा, वर खोली काढायची, असं मी आणि बायकोनं ठरवलं. काका भडकले.

"कौलारू घरावर डबा ठेवतोस व्हय रं? असल्या भिंतीवर? लाज न्हाय वाटत?"

"इंजिनीअर काय म्हणतात बघू की," मी म्हणालो. माझ्यात धमक नसली की मी दुसऱ्याचं मत मागवतो.

कळंब्याहून इंजिनीअर मॅडम आल्या. वयानं माझ्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या. लहान हातोडीनं त्यांनी चार ठिकाणी ठोकून बघितलं आणि काकांकडे वळल्या. "काका, ही हत्ती पेलते असं गल्लीभर ऐकलं. मग एक खोली पेलेल की?"

काका कात्रीत सापडले. भिंतीचं कौतुक करावं, तर डोक्यावर खोली येणार. खोली टाळावी, तर भिंतीला नावं ठेवावी लागणार. जन्मात पहिल्यांदा ते जमिनीकडे बघत बोलले, "न्हाय पेलायची. वीट कच्ची हाय. चुन्यात बी दम न्हाय."

मला राहवलं नाही. "आणि तो डिंक? मेथी?"

"गप ए! पणजा तुझा चहात साखर घालू देत नव्हता, चुन्यात डिंक घालतोय!"

मॅडम गंभीर झाल्या. "घरचंच माणूस सांगतंय म्हणजे आतून काहीतरी असणार. मग खोलीचं सोडा, इथं राहणंच धोक्याचं. तपासून घेऊ आणि खरंच तसं असेल तर पाडून नवीन बांधा."

बायकोचा चेहरा उजळला. ती मनानं नव्या स्वयंपाकघरात पोचलीसुद्धा. मीही मनातल्या मनात पार्किंगमध्ये गाडी लावली.

काका उठले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले, जणू आम्ही तिघं पहारी घेऊनच आलो होतो. "खोटं बोललो मी. हिला काय झालेलं न्हाय. पेलती, चांगली पेलती. घाला तुमची खोली." भट्टीच्या आवाजावर ओरडायची सवय असलेला गळा, पण पुढचं वाक्य जेमतेम बाहेर आलं. "हिला तेवढी पाडू नका."

मॅडमनी रीतसर तपासणी केली. भिंत ठणठणीत निघाली. खोली झाली, आकाशी रंगाची, अॅल्युमिनियमच्या खिडक्यांची. मुलीनं चार दिवस मैत्रिणींना बोलावून मिरवली. काका येणाऱ्याला सांगायचे, "वर बघू नका पावणं. त्ये आमच्या पुतण्याचं कर्तृत्व हाय." जिन्याच्या पहिल्या पायरीवरही त्यांनी कधी पाय ठेवला नाही.

नव्याच्या कौतुकानं आम्ही तिघंही वरच झोपायला लागलो. पहिल्याच मे महिन्यात खोलीवरचा स्लॅब तव्यासारखा तापला. पंखा लावला की इस्त्री फिरवल्यासारखं वाटायचं. आठवडाभर मी 'हवा छान येते' म्हणत घाम पुसला. मग एका दुपारी चटई आणि उशी काखेत मारून खाली आलो. माझ्यामागं बायको, तिच्यामागं मुलगी.

सोप्यात काका भिंतीला लागून आडवे झाले होते. मी टोमणा खायच्या तयारीनं उभा राहिलो, उलट उत्तरही जुळवून ठेवलं होतं. काकांनी डोळे उघडले, आमच्या चटयांकडे एकवार बघितलं आणि मुकाट्यानं उठून आपलं अंथरूण दारातल्या झळांकडे ओढून नेलं. भिंतीकडची गार जागा आम्हा तिघांना सोडली आणि पाठ करून झोपले.

त्याच वर्षी थंडीत ते गेले. त्या दुपारी एखादा टोमणा मारला असता, तर आमची फिट्टंफाट झाली असती.